पहिल्या रंगाखालचे खिळे

मिस्त्रींच्या घरी कॅलेंडरसुद्धा लाकडी खुंटीवर टांगलेलं असायचं. भिंतीत खिळा मारायची कुणाची टाप नव्हती. वहिनींनी एकदा देवाच्या तसबिरीसाठी शेजाऱ्याकडून खिळा ठोकून घेतला, तर संध्याकाळी आल्या आल्या मिस्त्रींनी तो उपटला, भोक बुजवलं, खुंटी बसवली, तसबीर सरळ केली आणि मगच हातपाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "पेंटरभाऊ, खिळ्यावर टांगला तर देव बाटते का जी?" मिस्त्री आतून ऐकत होते. ते म्हणाले, "देव नाही बाटत. भिंत बाटते."

मी पेंटर. ट्रक रंगवणारा. नागपूरच्या वाडी नाक्याच्या पुढं मिस्त्रींचं टिनाचं शेड होतं. तिथं ते ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधत आणि त्याच शेडच्या एका कोपऱ्यात माझे रंगाचे डबे असत. नवा ट्रक येतो तो नुसता सांगाडा असतो, पुढं इंजिन आणि मागं उघडी चेसी. त्या चेसीवर आडवी लाकडं टाकायची, त्यांवर फळ्यांचा तळ, बाजूंना खांब, मागं उघडझाप करणारा फाळका, हे सगळं मिस्त्रींचं काम. ते झालं की माझं. एकतीस वर्षं आम्ही असे एकामागं एक उभे राहिलो. मागच्या दिवाळीनंतर ते गेले. कोणी विचारलं, कसा होता हो माणूस, तर मी सांगतो, डोक्याला ताप होता नुसता. आणि असं सांगून मलाच दिवसभर करमत नाही.

त्यांचं घराणं विणकरांचं. आजोबा उमरेडला मागावर, वडील इकडं नागपुरात आले तेही मागावरच. भावांमध्ये हा एकटा लाकडात गेला. पण मागाची खोड काही अंगातून गेली नाही. तळ बसवून झाला की मिस्त्री सदरा काढून उघड्या पाठीनं त्या फळ्यांवर उताणे पडत. डोळे मिटून, एक विडी ओढून होईल इतका वेळ. पाठीला कुठल्या सांध्यातून वारा लागला की उठून त्या फळीवर बोट ठेवत, "ही काढ." कारागीर कुरकुरायचे, अहो मिस्त्री, यात गिट्टी भरणार आहेत, साखर नाही. "गिट्टी भरो का राख भरो. लुगड्यात भोक ठेवून माह्या बापानं ते विकलं असतं का बे?" फळी काढावी लागे.

मोजायच्या टेपला ते हात लावत नसत. टेप लोंबते म्हणे. घडीची लाकडी फूटपट्टी त्यांच्या मांडीच्या खिशात असे. इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत, आणि अर्ध्या सुताचा फरक पडला तरी हा माणूस जेवायचा नाही. आणखी एक तऱ्हा म्हणजे जन्मभर ट्रक बांधून ते ट्रकमध्ये कधी बसले नाहीत. सीताबर्डीला जायचं तर आधी सायकल, म्हातारपणी ऑटो. ड्रायव्हर लोक गळ घालायचे, चला मिस्त्री, सोडून देतो. "चालत जाईन गा, तू जाय." कारण कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तू रंगवते ते पाटी गळ्यात घालून फिरते का?"

आणि उस्ताद. उस्तादांचं नाव घेताना मिस्त्रींचा हात आपोआप कानाच्या पाळीला जाई. चौदा-पंधराचे असताना ते त्यांच्या हाताखाली लागले आणि उस्तादांचा एक नियम त्यांनी मरेपर्यंत घोकला, ट्रकच्या बॉडीत खिळा मारायचा नाही. लाकडात लाकूड बसवायचं, नाहीतर बोल्ट. "खिळा लाकडाले फाडून घुसते," ते म्हणत. "बोल्ट लाकडाले इचारून जाते. उस्तादांनी जिंदगीत एक खिळा नाही मारला." सगळ्या वाडीत तळाला सर्रास खिळे मारतात. आमच्याकडं बोल्ट. त्यामुळं दुसरीकडं आठवड्यात होणारं काम आमच्याकडं तीन आठवडे चाले आणि अर्धी गिऱ्हाइकं नाक्यावरूनच वळत.

दोन वर्षांपूर्वी धंतोलीतले एक हाडांचे डॉक्टर शेडवर आले. त्यांच्या आजोबांचा एक जुना ट्रक होता, कापसाच्या गाठी वाहायचा. कितीतरी वर्षं तो गावाकडं गोठ्यामागं पडून होता. डॉक्टरांनी हौसेनं इंजिन चालू करून घेतलं, लोखंडाचं सगळं झालं, पण लाकडी बॉडी वाळवीनं खाल्लेली. जुन्या गाड्यांची फेरी निघते, तिच्यात त्यांना तो चालवायचा होता. "जशी होती तशीच नवी बांधा मिस्त्री. सेम टू सेम."

"इचार करून बोला, डॉक्टरसाहेब," मिस्त्री म्हणाले. "सेम टू सेम म्हणजे मंग सेम टू सेम. नंतर म्हणसान, हे काहून वाकडं आहे, ते काहून आखूड आहे."

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. आज तो ट्रक त्यांच्या बंगल्यासमोर उभा असतो. येणारे-जाणारे फोटो काढतात.

ट्रक शेडमध्ये ओढून आणला त्या दिवशीचं मला आठवतं. पुढचा एक खांब, डाव्या बाजूच्या चार-पाच फळ्या आणि तळाचा पुढचा भाग, एवढंच धड उरलं होतं. मिस्त्री खांबाच्या बुडाशी उकिडवे बसून ब्रशनं माती झाडत होते. एकदम थांबले. मग दोन्ही कान धरून खालीच बसले. मला वाटलं चक्कर आली. धावत गेलो, तर त्यांनी खांबावर बोट ठेवलं. पटाशीनं कोरलेली, करंगळीच्या नखाएवढी चांदणी होती.

"उस्तादांची आहे," ते म्हणाले. "पहिल्या खांबाच्या बुडाशी कोरत. गिऱ्हाइकाले दिसू नये अशी."

ट्रकची बॉडी वीस-पंचवीस वर्षं टिकते, मग ती चुलीत जाते. उस्तादांच्या हातचं काहीच नागपुरात उरलं नसेल असं मिस्त्री धरून चालले होते. आणि हे अचानक समोर. ही बॉडी तर ते उस्तादांकडं लागण्याच्याही आधीची, उस्तादांच्या तरुणपणातली. मिस्त्रींनी बाकीची सगळी कामं बंद केली. त्यांनी कागदावर एक रेघ काढली नाही. एकेक कुजका तुकडा सोडवायचा, जमिनीवर त्याच्या जागी मांडायचा, शेजारी नवं लाकूड ठेवायचं, तळाला साग आणि आडव्यांना बाभूळ, आणि बोटांनी जुन्यावरून नव्यावर यायचं. तुकड्यांशी बोलायचेसुद्धा. सत्तरीचा माणूस, पण त्या दिवसांत शिट्टी वाजवत कामावर येत होता. मी इतक्या वर्षांत त्यांची शिट्टी ऐकली नव्हती.

माझ्याकडं काम होतं मूळ रंग शोधायचं. जुन्या फळीवर पुट्टी भरायच्या लोखंडी पानानं हळूहळू खरवडलं की रंग थरांनी उघडत जातात. वर पिवळा, त्याखाली हिरवा, मग निळा, मग राखाडी आणि सगळ्यांत खाली, लाकडाला लागून, लाल प्रायमर. तो पहिला रंग. बॉडी बांधून झाली की त्याच दिवशी लागतो.

तळाची पहिली फळी उचलली आणि खाली खिळे निघाले.

चांगले हातभर अंतरानं, आडव्या लाकडात ठोकलेले. डोकी फळीत बुडवून वरून पुट्टी भरलेली. पुढच्या फळीला पण. एकूण एकोणीस. कारागीर एकमेकांकडं बघायला लागले.

"कोन्या गाढवानं नंतर मारले आहेत," मिस्त्री म्हणाले. "फळी ढिली झाली असन, मारले. पेंटर, तू सांग. रंगावरून तुले समजते ना?"

समजतं. रंग लावून झाल्यावर खिळा मारला तर त्याच्याभोवती रंग फुटतो, बारीक कडी दिसते. मी वाकून पाहिलं. पुट्टीवरून लाल प्रायमर सलग गेला होता. कुठं फूट नाही, कडी नाही. खिळे पहिल्या रंगाखालचे होते. उस्तादांनीच मारलेले. मला ते एका नजरेत दिसलं आणि मी म्हटलं, "नीट पाहून सांगतो. दोन दिवस द्या."

दोन दिवस कशाला पाहिजे होते, ते आता सांगतो. त्याशिवाय हे पुढं जात नाही.

मिस्त्रींना एकच मुलगा. हाताला बापापेक्षा चपळ. डॉक्टरांचा ट्रक आला त्याच्या आठ वर्षं आधी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एक ट्रक द्यायचा होता आणि बोल्ट संपले. बाजार बंद. मिस्त्री बाहेर गेले होते. मुलानं तळाच्या शेवटच्या तीन फळ्यांना खिळे मारले, पुट्टी भरली आणि मला म्हणाला, "पेंटरकाका, लवकर हात मारून द्या ना." मी मारून दिला. मला सगळं माहीत होतं. सणाचा दिवस, पोरगं घाईत, म्हटलं कुठं बिघडतं!

संध्याकाळी मिस्त्री आले. रंग पुरता वाळला नव्हता तरी उताणे पडले. पाठीला काय कळलं देव जाणे. उठले, नख घातलं, पुट्टी उकरली. मग सगळ्या कारागिरांसमोर, ट्रकच्या मालकासमोर, त्यांनी एकेक खिळा पकडीनं उपटून मुलाच्या हातावर ठेवला. तीस वर्षांचा पोरगा, बायको-लेकराचा धनी, हात पसरून उभा. "घे," ते म्हणाले. "उस्तादांच्या नावावर थुंकला तू. आता माह्या शेडात पाय ठेवू नको." पोरगा माझ्याकडं बघत होता. मी म्हणायला पाहिजे होतं की रंग मी मारला, मलाही बोला. मी ब्रश धुवत उभा राहिलो. ती लाज मी अजून विसरलो नाही.

पोरगा खापरखेड्याला गेला. तिथं वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकांना लोखंडी बॉड्या बांधायला लागला. लाकूड त्यानं सोडूनच दिलं. नंतर तीन वर्षांनी वहिनींना धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखल केलं, किडन्या गेल्या होत्या. अकरा दिवस बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, एकाच बाकड्यावर, आणि मधे मी. "त्याले सांग, रक्ताचा कागद आला." दोन हातांवरच्या माणसाला मी सांगायचो, "अरे, रक्ताचा रिपोर्ट आला." तो म्हणायचा, "त्यायले सांगा, मी घेऊन येतो." मी पुन्हा इकडं तोंड फिरवायचो. आत एका वेळी एकालाच सोडत, म्हणून दोघं पाळीपाळीनं वहिनींजवळ बसत. वहिनी गेल्या तेव्हाही दोघं दोन दिशांना तोंड करून रडले.

म्हणून मला दोन दिवस पाहिजे होते. खिळे नंतरचे आहेत असं सांगितलं असतं तर म्हातारा सुखानं राहिला असता. त्याच्याजवळ उस्तादांशिवाय उरलं काय होतं? आणि खरं सांगितलं तर ज्या नियमापायी त्यानं पोटचा पोर हाकलला, तोच नियम हातातून जात होता. मिस्त्री रोज येऊन समोर बसायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फळीजवळ नेलं, बोटानं थर दाखवले आणि म्हणालो, "मिस्त्री, प्रायमरच्या खालचे आहेत. बॉडी बांधली तेव्हाचेच. आणि आणखी एक सांगतो, तुमच्या पोराच्या खिळ्यांवर रंग मी मारला होता. मला माहीत होतं."

वाटलं, आता हातोडा घालतात डोक्यात. ते नुसते चांदणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरले शब्द देल्ला आहे. सेम टू सेम. खिळे आण."

चार इंची खिळे आणले. मिस्त्रींनी नवी सागाची फळी बाभळीच्या आडव्यावर ठेवली, खिळा धरला आणि हातोडा मारला. खिळा वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. तिसरा वाकून फळीवर ओरखडा पडला. बाभूळ वाळली की लोखंडासारखी होते, तिच्यात खिळा घालणं हेही एक कसबच असतं. ते या हातांना कधी शिकवलंच नव्हतं. नागपुरातला सगळ्यांत मोठा बॉडी मिस्त्री, आणि त्याच्यानं एक खिळा मारवत नव्हता. कारागीर कामाचं निमित्त करून बाहेर गेले. सहावा वाकला तेव्हा त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"मले येत नाही, पेंटर," ते म्हणाले. आणि वाकलेले खिळे गोळा करत, "त्याले येते."

मी स्कूटर काढली.

खापरखेड्याचं ते दुकान म्हणजे उघड्यावरच चार खांबांवर पत्रा. पोरगा वेल्डिंग करत होता. आम्हाला पाहून त्यानं मशीन थांबवलं आणि तोंडावरची काच वर केली. केस पिकले होते त्याचे. या, असं म्हणाला नाही. मिस्त्री उन्हातच उभे राहिले.

"बाभळीत खिळा वाकून राहिला माह्याकडून," ते म्हणाले. "तू कसा मारत होता?"

"तुम्ही? खिळा?"

"उस्तादांनी मारले होते. एकोणीस. पेंटरनं पाह्यलं." त्यांचा हात कानाकडं गेला आणि परत खाली आला. "तेव्हा उस्ताद तुह्याएवढेच असतील. त्यायले कोणी हाकललं नाही, म्हणून पुढं बोल्टावर आले. म्या तुले शिकूच नाही देल्लं. माह्यं चुकलं."

चुकलं हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पोरगा हातमोजे काढत होता. एकेक बोट सोडवत होता, नजर खाली.

"आठ वर्षं, बाबा," तो म्हणाला. "आई दवाखान्यात रोज इचारे, बाबा बोलले का तुह्याशी? मी म्हणे, हो. आज म्हणाले घरी जाऊन झोप. आज म्हणाले बारीक झाला तू. रोज एक बनवून सांगे. खोटं ऐकत गेली माही माय."

मिस्त्रींनी खांब धरला. "मलेबी इचारे," ते म्हणाले. "म्याबी तेच केलं. म्हटलं, पोरगा म्हणते, बाबा तुम्ही थकले, मी बसतो."

आणि मी पुन्हा दोघांच्या मधे. वहिनींना मी एक शब्द दिला होता, पाच वर्षं पाळला होता, तो मी तिथं मोडला. त्यांनी मला माफ करावं. एकदा गप्प राहून काय झालं ते मी बघितलं होतं.

"वहिनींना सगळं माहीत होतं," मी म्हणालो. "नवव्या दिवशी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाल्या, पेंटरभाऊ, खरं सांगा जी, बोलतात का दोघं? माझ्यानं खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, नाही वहिनी. तर त्या हसल्या. म्हणाल्या, मले समजलंच होतं, दोघाचं सांगणं जुळतच नाही. पण त्यायले म्हणू नका काही. दोघंबी बाहेर इचार करून येतात, दुसऱ्याच्या तोंडात किती मायेचं बोलणं घालतात. तेवढंच ऐकत पडून राहाते मी."

मिस्त्री तिथंच लोखंडाच्या पत्र्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. पोरगा त्यांच्यासमोर खाली बसला आणि त्यानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मीही रडलो, लाज कशाची? रस्त्यावरून राखेचे ट्रक जात होते, ड्रायव्हर वळून वळून बघत होते.

बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवला का गा तू?"